टिटवी, क्रमांक सतरा

खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या नटबोल्टांची चित्रं काढली.
ही रेघ मात्र माझी:
खांद्यावर पंख, पंखांवर दोन इंजिनं,
पोट जमिनीलगत, पाय आखूड नि दणकट,
नांगरलेल्या रानातही उतरेल अशी.

नाव टिटवी.
रात्री ओरडली तर अपशकुन, एवढ्यासाठी
दिल्लीनं फाईल तीनदा परत पाठवली.
(ही दिल्लीही माझीच, पण हुबेहूब.)

नियम एकच. इतिहासातला एक खिळा उपटायचा,
मग जे जे कलंडेल ते मुकाट लिहायचं.
मी उपटला तो असा: सत्तावन्न साली
एका साहेबानं एका कागदावर सही केली.

सही झाली, तशी लोहगावला शेड उभी राहिली,
शेडपाशी चहावाला आला, मग युनियन,
आणि ठरल्यापेक्षा अडीच वर्षं उशिरा
पहिली टिटवी धावपट्टीवर येऊन तेल गाळत उभी राहिली.
तेल शेवटपर्यंत गळलं.
थांबवता आलं असतं मला.
पण न गळणारं विमान खरं कोण मानेल?

युद्ध तिनं कुठलंच जिंकलं नाही.
पासष्टला टपाल नेलं, रक्ताच्या बाटल्या नेल्या,
एकदा एका ब्रिगेडियरचा कुत्रा.
एकाहत्तरला दिवे विझवून वाळूवर उतरली,
जखमी घेऊन उठली,
कुणाच्या बातमीत आली नाही.

अपघाताशिवाय नोंदवही म्हणजे लग्नाचा अल्बम.
म्हणून त्र्याहत्तरचा डिसेंबर, पुरंदरवर पहाटेचं धुकं,
सतरा क्रमांकाची टिटवी, डावं इंजिन.
वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट कुमुद रणपिसे.

समोरचे विंग कमांडर फणसळकर म्हणाले होते,
"त्र्याहत्तरला बाई वैमानिक? हा दुसरा खिळा झाला."
झाला खरा. ती आपली आपणच येऊन बसली कॉकपिटमध्ये,
मी फक्त आडनाव विचारलं.

शाईच्या पेननं लिहिलं: दिवंगत.
टोपण लावलं, झोपलो.

सकाळी चहा घशाखाली उतरेना.
भवानी पेठेत तिची आई मीच ठेवली होती,
दळणाचा डबा घेऊन निघालेली.
तार घेऊन आता पाठवू कुणाला?

हेमलता म्हणाली, "कोण गेलं?"
सांगितलं.
वाटलं, हसेल. तिनं गॅस बंद केला.
"मग खोडा."
"नोंदवहीत खोडाखोड चालत नाही."
"नोकरी संपली तुमची," म्हणाली,
आणि माझाच चश्मा लावून, माझ्याच पेननं
समासात लिहिलं:

दुरुस्ती. वैमानिक सापडली.
सासवडच्या अलीकडे अंजिराच्या बागेत.
छत्री झाडावर, डावा पाय मोडलेला.
बागवाल्यानं दोन अंजिरं दिली,
एक किडकं निघालं.

किडकं!
हे मला जन्मात सुचलं नसतं.

त्र्याण्णवला टिटव्या मोडीत निघाल्या.
एक तेवढी विश्रांतवाडीच्या चौकात, चौथऱ्यावर,
इंजिनात कबुतरं, पोटाखाली रसवंतीची गाडी.
(त्या चौकात. आपल्या नव्हे.)

आपल्या इथं, धानोरीत, गच्चीवरून सुखोई जातात जोडीनं,
कपाटाची काच थरथरते
आणि आतली प्लास्टिकची टिटवी
अर्धा सूत पुढं सरकते.
मी रोज मागं नेऊन ठेवतो.

परवा पावटे सोलता सोलता हेमलता म्हणाली,
"कुमुदचा तो पाय हल्ली थंडीत दुखतो."
मी वही काढली. समास पाहिले, मागची पानं पाहिली.
कुठंच नव्हतं.
"कधी लिहिलंस हे?"
"त्यात लिहायचं काय," म्हणाली,
"त्या शेंगा द्या इकडं."